जुन्या संगणकातून खेळाचे यंत्र

खेडेगावच्या पुष्कळ शाळांतून कोठीची एक खोली असते. मोडके बाक, फाटके नकाशे आणि स्नेहसंमेलनाचे पडदे यांच्या संगतीला अलीकडे तिथे आणखी एक पाहुणा येऊन बसला आहे. तो म्हणजे जुना संगणक. कधी काळी नारळ फोडून त्याचे स्वागत झालेले असते. पुढे तो मंद चालू लागतो, मग एके दिवशी त्याच्यावर कापड पडते, आणि डेडस्टॉकच्या वहीतली एक ओळ एवढेच त्याचे अस्तित्व उरते.

अशा संगणकाचे काय करावे? भंगारवाल्याला वजनावर द्यावा, हा एक मार्ग. तसाच धूळ खात ठेवावा, हा दुसरा. आणि खरे सांगायचे तर आपण बहुधा हाच पत्करतो. आज मी तिसरा मार्ग सांगणार आहे. या जुन्या संगणकाच्या भागांतून टेबलावर ठेवण्याजोगे एक खेळाचे यंत्र तयार करता येते. समोर पडदा, त्याखाली एक दांडा, पाच-सहा मोठी बटणे आणि भोवती लाकडी पेटी. १९९० च्या दशकात आपल्या शहरांतून व तालुक्याच्या गावांतून ‘व्हिडिओ गेम’ची दुकाने होती, ती पुष्कळांना आठवत असतील. त्या दुकानांतल्या उंच यंत्रांचेच हे धाकटे भावंड.

खेळाचे यंत्र म्हटल्याबरोबर काही गुरुजनांच्या कपाळाला आठी पडेल. त्यांच्या शंकेकडे मी येणारच आहे. पण आधी हे पाहू की, जो संगणक कामाला निरुपयोगी ठरला, तो खेळाला कसा काय चालतो?

निरुपयोगी आणि मोडलेला यांत फरक आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. तिच्या पुढच्या विंडोज ११ साठी कंपनीने ज्या अटी घातल्या, त्यांत साधारण २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक बसत नाहीत. म्हणजे काय झालं, की रात्री नीट चालणारा संगणक सकाळी यादीबाहेर गेला. त्याची एकही तार तुटलेली नाही. बैल म्हातारा झाला म्हणून लांबच्या बाजाराला जुंपू नये हे खरे. पण घरच्या मोटेला तो अजून चालतो, तशातलाच हा प्रकार.

आता खेळाच्या यंत्रांची ताकद किती होती ते पाहा. अमेरिकेत अटारी कंपनीने १९७२ साली ‘पाँग’ नावाचे टेबल-टेनिससारखे यंत्र काढले. त्यात आज आपण ज्याला संगणकाचा मेंदू म्हणतो तो प्रोसेसर मुळी नव्हताच. नुसत्या विद्युत्-मंडलांवर सगळा खेळ चाले. पुढे १९७८ साली जपानच्या तैतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ रचला. त्याच्यातला प्रोसेसर सेकंदाला २० लाख ठोके देई. २००६ नंतर आपल्या शाळा-कचेऱ्यांतून आलेले ‘कोअर टू ड्युओ’ जातीचे संगणक सेकंदाला २०० कोटींच्या आसपास ठोके देतात. म्हणजे हजारपट! आजच्या कामाला तो संगणक हळू वाटतो, याचे कारण आजचे काम जड झाले आहे.

या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ची एक गोष्ट विज्ञानशिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावी. पडद्यावर शत्रूच्या ५ रांगा, प्रत्येक रांगेत ११, असे ५५ जण असतात. पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने निघते आणि दर वेळी त्यांतला एकच शत्रू एक पाऊल सरकतो. तेव्हा सगळ्या फौजेचे एक पाऊल पडायला जवळजवळ एक सेकंद लागतो. खेळणारा शत्रू मारीत जातो. ३० उरले की अर्ध्या सेकंदात पाऊल पडते. एकच उरला की तो दर चित्राला धावतो. खेळ जसजसा संपत येतो तसतसा शत्रू वेगाने अंगावर येतो आणि खेळणाऱ्याची छाती धडधडू लागते. हा वेग कोणी मुद्दाम घातलेला नव्हता. यंत्राच्या मर्यादेतून तो आपोआप आला. निशिकादोंनी तो पाहिला आणि तसाच ठेवला. त्या काळी जपानच्या चहा-कॉफीच्या दुकानांतून हा खेळ टेबलाच्या आकाराच्या यंत्रांत बसवलेला असे. गिऱ्हाईक काचेवर कप ठेवी आणि काचेखाली खेळ चाले.

जुना खेळ नव्या संगणकावर चालतो कसा, हेही समजून घेतले पाहिजे. जुन्या प्रोसेसरची भाषा वेगळी, नव्याची वेगळी. मग मध्ये एक प्रोग्रॅम बसवतात, तो बहुरूप्यासारखा असतो. बहुरूपी जसा पोलिसाचे सोंग घेऊन दारात उभा राहतो, तसा हा प्रोग्रॅम जुन्या यंत्राचे सोंग घेतो. जुन्या प्रोसेसरच्या एकेका हुकमासाठी नव्या प्रोसेसरला अनेक हुकूम पाळावे लागतात. सोंग वठवायला ताकद जास्त लागते ती अशी. पण हजारपट शिल्लक असल्यामुळे ते निभावते. अशा प्रोग्रॅमांत ‘मेम’ हा प्रसिद्ध आहे. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी तो १९९७ साली प्रथम प्रसिद्ध केला, आणि २०१६ पासून तो मुक्त परवान्याखाली कोणालाही वापरता येतो.

परंतु इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ‘मेम’ मोफत आहे म्हणून त्यावर चालणारे खेळही मोफत आहेत, असे नाही. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा असून संगणकाच्या प्रोग्रॅमलाही तो लागू आहे. ‘पॅक-मॅन’ १९८० सालचा असला तरी त्यावरचा मालकीहक्क आजही जिवंत आहे. बाजारात ‘हजारो खेळ भरलेली’ स्वस्त कार्डे मिळतात. ती शाळेने घेऊ नयेत. मूळ मालकांनी बिगरव्यापारी वापरासाठी मोकळे केलेले थोडे खेळ ‘मेम’च्या संकेतस्थळावर आहेत, ते घ्यावेत. आणि सर्वांत उत्तम म्हणजे खेळ आपणच रचावा.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे वळू. प्रथम कागदपत्र. शाळेचा संगणक ही शाळेची मालमत्ता आहे. त्याचे रीतसर निर्लेखन झाल्याशिवाय, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव झाल्याशिवाय, पेचकस हातात घेऊ नये. आणि जो संगणक अजून शिकवण्याच्या उपयोगी पडतो आहे, तो खेळासाठी मोडू नये.

यंत्राला पाच गोष्टी लागतात: मेंदू, पडदा, आवाज, हात आणि घर.

मेंदू म्हणजे मदरबोर्ड, त्यावरचा प्रोसेसर व रॅम. संगणक सुरूच होत नसेल तर घाबरू नये. रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी टोके शाळेच्या साध्या खोडरबराने पुसून परत बसवावी. पुष्कळ वेळा एवढ्यानेच तो जागा होतो. तारीख-वेळ चुकत असेल तर मदरबोर्डवरचा रुपयाएवढा तीन व्होल्टचा सेल बदलावा. पंख्यातली धूळ ब्रशने काढावी. जुना लॅपटॉप मिळाला तर दुधात साखर, कारण त्याला वीज कमी लागते आणि पडदा आयताच मिळतो. मात्र त्याची बॅटरी फुगलेली असेल तर ती टोचू नये, दाबू नये. जाणत्या माणसाकडून काढवून वेगळी ठेवावी आणि संगणक चार्जरवर चालवावा. प्रणाली म्हणून लिनक्स घालावी. ती फुकट मिळते आणि जुन्या यंत्राला झेपते.

पडद्यासाठी पूर्वीचा १७ इंची चौकोनी एलसीडी मॉनिटर सर्वांत सोयीचा. त्याची दिसणारी बाजू सुमारे ३४ सेंटिमीटर रुंद आणि २७ उंच असते. जुने खेळ अशाच चौकोनी पडद्यासाठी रचलेले असल्यामुळे ते ताणल्यासारखे दिसत नाहीत. आता नवे मॉनिटर रुंद आले, म्हणून हे चौकोनी मॉनिटर बाजारात कोणी विचारीत नाही. आपले काम स्वस्तात होते ते त्यामुळेच.

मागे पोट असलेला जुना काचेचा मॉनिटर मात्र कोणीही उघडू नये. रंगीत काचनळीत वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. तसेच वीजपुरवठ्याची पत्र्याची पेटी, जिला एसएमपीएस म्हणतात, ती जशीच्या तशी वापरावी. तिचे झाकण काढू नये. तिला तीन पिनांचाच प्लग हवा आणि शाळेच्या त्या खटक्याला अर्थिंग आहे की नाही हे वायरमनकडून तपासून घ्यावे. आवाजासाठी जुन्या संगणकाचे छोटे स्पीकर पुरतात.

आता येतात हात, म्हणजे बटणे आणि दांडा. या यंत्रातला सर्वांत शिकवणारा भाग हाच. बटणाखाली एक मायक्रोस्विच असतो. बटण दाबले की ‘टिक’ असा आवाज होऊन मंडल जोडले जाते, सोडले की तुटते. दांड्याच्या बुडाशी असे चार स्विच असतात. दांडा पुढे ढकलला की त्याचे खालचे टोक मागे जाते आणि मागचा स्विच दाबतो. पुस्तकात शिकवलेली तरफ ती हीच, आणि टेकू मध्ये.

हा स्विच संगणकाला जोडायचा कसा? सुरुवात एखाद्या टाकून दिलेल्या माउसपासून करावी. माउसच्या डाव्या बटणाखालीही असाच पण लहान मायक्रोस्विच असतो. त्याच्या पायांपैकी, दाबल्यावर जे दोन एकमेकांना जोडले जातात, त्यांना दोन तारांचा डाग द्यावा आणि त्या तारा मोठ्या बटणाला नेऊन जोडाव्या. झाले! मोठे बटण दाबले की संगणकाला वाटते माउस दाबला. उडी मारणे, गोळी सोडणे असे एका बटणाचे कितीतरी खेळ एवढ्यावर रचता येतात.

पुढची पायरी कीबोर्डची. कीबोर्डवर शंभरावर कळा असतात. प्रत्येकीला स्वतंत्र तार द्यायची तर तारांचे जंजाळ होईल. म्हणून कळा उभ्या-आडव्या ओळींत गुंफलेल्या असतात. समजा मैदानावर आठ रांगांत प्रत्येकी सोळा मुले बसली आहेत. गुरुजी एकेका रांगेला हाक मारतात आणि त्या रांगेतला कितवा मुलगा हात वर करतो ते पाहतात. आठ हाका आणि सोळा जागा, म्हणजे २४ तारांत १२८ मुलांची हजेरी झाली. कीबोर्डमधली चिप हेच काम सेकंदाला कित्येक वेळा करते.

पण या युक्तीत एक खोट आहे. समजा पहिल्या रांगेतल्या शेजारशेजारच्या अ आणि ब या कळा दाबल्या, आणि त्याच वेळी दुसऱ्या रांगेत अ च्या मागची क दाबली. आता चिप दुसऱ्या रांगेला हाक मारते, तेव्हा वीज क मधून अ कडे, अ मधून ब कडे असा वळसा घालून ब च्या स्तंभात उतरते. चिपला वाटते, ब च्या मागची ड सुद्धा दाबली आहे. कोणी न दाबलेली ही कळ भुतासारखी उभी राहते. हे टाळण्यासाठी पुष्कळ कीबोर्ड संशय आला की पुढची कळ ऐकतच नाहीत. दोघे मिळून खेळताना एकाने नेमक्या क्षणी बटण दाबावे आणि यंत्राने ते ऐकूच नये, असे होते ते यामुळे. कंट्रोल, आल्ट आणि शिफ्ट या कळा दुसऱ्या कळांबरोबर दाबण्यासाठीच असल्यामुळे त्यांची जोडणी सहसा अडत नाही. ‘मेम’मध्ये पहिल्या खेळाडूच्या बटणांसाठी कंट्रोल, आल्ट आणि स्पेस या कळा नेमलेल्या आहेत. आणि नाण्याच्या जागी कोणती कळ? तर ५ चा आकडा!

जुन्या कीबोर्डची चिप काढून तिला तारा जोडता येतात. पण पुष्कळ पट्ट्यांवर कार्बनचा लेप असतो, त्यावर डाग बसत नाही. नवशिक्याने त्यात वेळ घालवण्यापेक्षा यूएसबीला लागणारी बटणांची छोटी तयार पट्टी विकत घ्यावी. तिच्यात प्रत्येक बटणाला आपली स्वतंत्र तार असते, म्हणून भुताचे भय नाही. ही पट्टी, दांडा, सहा बटणे आणि प्लायवूड, एवढाच मुख्य खर्च. गावोगावचे भाव वेगळे असतात. पण मेंदू आणि पडदा जुना मिळाला तर सगळे काम अडीच-तीन हजार रुपयांत बसावे.

राहिले घर. १२ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड घ्यावे. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून पाहावा. तो मुलांनीच कापावा, म्हणजे भूमितीचा तास वेगळा घ्यायला नको. मॉनिटरच्या चौकटीपेक्षा पेटी थोडी रुंद हवी, पडदा मागे किंचित कललेला हवा, आणि बटणांची फळी हात टेकेल इतकी खोल हवी. बटणांची भोके बहुधा ३० मिलिमीटरची लागतात. तरी बटण हातात आल्यावर मोजूनच भोक पाडावे. गावच्या सुताराला बोलवावे. त्याच्या हाताचे कसब मुलांना जवळून दिसेल, हाही एक फायदाच. गरम हवा वर जाते, तेव्हा थंड हवेची भोके पेटीच्या खालच्या अंगाला आणि गरम हवेची वरच्या मागच्या अंगाला ठेवावीत. मदरबोर्ड लाकडाला चिकटवू नये; खाली नळीचे छोटे तुकडे घालून स्क्रूने उचलून बसवावा. सोल्डर करताना खिडकी उघडी असावी, शिक्षक जवळ असावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत, कारण जुन्या सोल्डरमध्ये शिसे असते.

यंत्र उभे राहिले. आता त्यात घालायचे काय? स्क्रॅच नावाची भाषा अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत तयार झाली आणि २००७ पासून ती सर्वांसाठी मोफत आहे. तिच्यात ठोकळे एकमेकांत अडकवून प्रोग्रॅम रचतात, म्हणून पाचवी-सहावीच्या मुलालाही ती जमते. फार जुन्या संगणकावर तिची जुनी आवृत्ती चालते. मोठ्या मुलांसाठी पायथन भाषा आहे. खेळाचा विषय परका कशाला हवा? ज्वारी हुरड्यात आली आहे, पाखरांचे थवे उतरताहेत, माळ्यावर पोरगा गोफण घेऊन उभा आहे. वरून उतरणाऱ्या फौजेचा तोच खेळ, पण आपल्या शेतातला! पाखरे किती, एका फेरीला किती सरकतात, कमी झाली की वेग किती वाढतो, हे सगळे मुलांनी आकड्यांत मांडायचे. तेच यंत्र शनिवारी पाढ्यांच्या स्पर्धेला वापरावे. दोन बटणे, दोन मुले. आधी कोणी दाबले ते यंत्रच सांगेल.

आता ती कपाळावरची आठी. पालक म्हणतील, मुले आधीच मोबाइलला चिकटून बसली आहेत, त्यात शाळेने हे आणखी का आणावे? शंका अगदी रास्त आहे. पण मोबाइलचा खेळ एकट्याचा, बिछान्यात शिरणारा, आणि शेवट नसलेला. पेटीतला खेळ चार मुले भोवती उभी राहून पाहतात, डाव दोन-तीन मिनिटांत संपतो आणि पाळी पुढच्याला द्यावी लागते. मोबाइलची पाठ मुलाला उघडता येत नाही. आत काय चालले आहे हे त्याला कळू नये, असाच तो घडवलेला असतो. या पेटीचे चार स्क्रू काढले की सगळे समोर. ज्याने बटणाची तार स्वतः जोडली आणि पाखराचा वेग स्वतः ठरवला, त्याला दुसऱ्यांचे खेळ आपल्याला कसे खिळवून ठेवतात हेही थोडे उमजू लागते. तरी नियम हवेतच. यंत्राची वेळ ठरलेली असावी. आणि बांधणीच्या वेळी मुलगे पेचकस घेतात, मुली बघत उभ्या राहतात, असे होऊ देऊ नये. पहिला डाग मुलीच्या हातून पडू द्यावा.

शेवटी, उरलेल्या भागांचे काय? संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन विजेच्या वस्तूंचा कचरा झाला, आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आल्याची नोंद आहे. पुष्कळसा बाकीचा भाग गरीब वस्त्यांतून फुटतो. तांब्यासाठी तारा जाळतात, तो विषारी धूर तिथल्याच मुलांच्या छातीत जातो. म्हणून उरलेला भाग उकिरड्यावर टाकू नये, जाळू तर मुळीच नये. आपल्या देशात ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांप्रमाणे नोंदणी झालेल्या केंद्राकडेच तो द्यावा. एका पेटीने जगाचा कचरा हटणार नाही. पण चालू स्थितीतला संगणक आणखी पाच वर्षे कामी आला, तर तेवढी पाच वर्षे तो कचरा नसतो.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, येत्या सुट्टीत कोठीचे दार एकदा उघडा. संपूर्ण यंत्राचा घाट एकदम घालू नका. एक टाकलेला माउस, एक मोठे बटण आणि दोन हात तार घ्या, आणि पाच-सात मुलामुलींना भोवती बसवा. बटण दाबल्यावर पडद्यावरचे पाखरू उडाले, की पुढचे काम मुलेच तुमच्याकडून करून घेतील.